समुद्रातल्या पवनचक्क्या: निविदा रद्द झाली, आता पुढे काय?

पठारी: सागरी पवनऊर्जेचं धोरण 2015 चं. 2018 मध्ये सरकारने 2030 पर्यंत 30 गिगावॉटचं लक्ष्य जाहीर केलं. आज आपल्या समुद्रात वीज देणारी एकही पवनचक्की नाही. जून 2024 मध्ये केंद्राने 7,453 कोटी मंजूर केले, गुजरात आणि तमिळनाडूत 500-500 मेगावॉटसाठी. तरी गुजरातची निविदा 2025 मध्ये रद्दच करावी लागली. सौर वीज युनिटला अडीच रुपयांच्या आसपास मिळते. मग महागडी समुद्री वीज कुठली वितरण कंपनी घेईल? हे पैसे वीज साठवणाऱ्या बॅटरीत घाला.

हिशेबनीस: अहो, अडीच रुपयांची वीज दुपारची. संध्याकाळी सातला घरोघरी दिवे लागतात तेव्हा ती कुठे असते? आणि पश्चिम किनाऱ्यावर वारा जोर धरतो तो नेमका पावसाळ्यात, सौर पॅनेलांवर ढग असताना. नुसता युनिटचा दर कसला लावताय!

पठारी: डेन्मार्क 1991 पासून या धंद्यात आहे. तिथेही डिसेंबर 2024 मध्ये उत्तर समुद्रातल्या 3 गिगावॉटला एक बोली आली नाही.

हिशेबनीस: ब्रिटनमध्येही 2023 ला हेच झालं. त्यांनी कमाल दर वाढवला, पुढच्या वर्षी बोली आल्या. वारा तोच होता, अटी बदलल्या.

घाटवाट: अटी बदलाल, जहाजं कुठून आणाल? साताऱ्याच्या वनकुसवड्याला पवनचक्क्यांची पाती ट्रेलरवरून घाट चढून गेली. समुद्रातली पाती शंभर मीटरच्या पुढे, ती उभारणारी खास जहाजं जगातच मोजकी. 500 मेगावॉटसाठी ती एवढ्या लांब कोण पाठवेल? शिवाय 2021 चं तौते वादळ दीव-उन्याजवळ, म्हणजे गुजरातच्या निविदेतल्या जागेशेजारीच धडकलं. विमावाले ते विसरलेले नसतील.

डोलकर: तुम्ही सगळे दरावरच अडलात. ही जागा पिपावाव-जाफराबादच्या समोरची, बोंबलाच्या डोल मासेमारीची. आमच्या पालघरकडेही तीच. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधलेलं जाळं. त्यासाठी तळात खुंट ठोकतात, ती जागा म्हणजे कव. या जागा बापजाद्यांपासूनच्या, कागदावर कुठेच नाहीत. त्यांच्यावरून वसई आणि डहाणूकडच्या कोळ्यांतच वर्षानुवर्षं वाद आहेत. समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांभोवती 500 मीटर मासेमारीबंदी आम्ही सोसतोच. उद्या पवनचक्क्या आणि केबलमुळे कव गेली तर भरपाई मागताना समुद्राचा सातबारा कुठून आणू?

हिशेबनीस: हे रास्त आहे. मग मच्छीमार सोसायट्यांना बरोबर घेऊन या जागांचा नकाशा करा आणि निविदेलाच जोडा. कंपनीलाही आधी कळेल कुठे हात घालायचा नाही.

डोलकर: नकाशा कोण करणार? कंपनीचा सल्लागार करणार असेल तर नको. आणि पाहणी मे महिन्यात उरकू नका. हंगामात, उधाणाच्या भरतीला होडीवर या, मग जाळं किती लांब ओढलं जातं ते दिसेल.

पठारी: म्हणजे आणखी दोन-तीन वर्षं. तोवर बॅटरी स्वस्तच होतेय, हिशेबनीस!