अंगरख्याच्या बाहीच्या चुण्या

रविवर्म्याच्या चित्रात अंगरख्याच्या मनगटावर चुण्या दिसतात, आपण शिवलेली बाही मात्र नुसती लोंबते, असं का, हे बडोद्याच्या एका वाचकाने विचारलंय. चुण्या शिवायच्या नसतातच. बाही हातापेक्षा वीतभर लांब ठेवा, कापड क्रॉसमध्ये, म्हणजे तिरपं कापा आणि कोपराखाली इतकी चिंचोळी करा की पंजा जेमतेम आत जावा. जास्तीची लांबी आपसूक मनगटावर साचते. बडोद्याच्या मांडवी भागातल्या शिंप्याला 'चुडीदार पायजम्यासारखं' एवढं म्हटलं की पुरतं. कापड पातळ मलमलच घ्या. कडक कॉटनच्या चुण्या नाही पडत, घड्या पडतात.

आणि बडोद्यातच आहात तर मोबाइलवरचे फोटो कशाला झूम करताय? फतेहसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. शिवण कुठली नि सावली कुठली, ते समोर उभं राहूनच कळतं. अर्थात, चित्रकारही गिऱ्हाइकाला खूश ठेवायला एखादी सुरकुती गाळणारच!