रेट्रोतल्या सुधारणा मतांनी निवडायच्या की नुकसानाच्या हिशेबाने?

गोदाकाठ:
काल ‘कॉलेजरोड’ यांनी लिहिले की रिलीजनंतरच्या रेट्रोमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांना दिल्यावर काय चुकले ते पाहणाऱ्या टीमच्या बैठकीत, सगळे मुद्दे बोर्डावर चिकटवावेत, प्रत्येकाला तीन मते द्यावीत आणि सर्वाधिक मतांचे तीन मुद्दे पुढच्या तिमाहीचे प्राधान्य म्हणून जाहीर करावेत. काम झटपट उरकते आणि वाद होत नाहीत. वाद होत नाहीत हाच मला त्या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष वाटतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मतदानातून एवढेच कळते की खोलीत बसलेल्यांना कशाचा त्रास झाला. आमचे सॉफ्टवेअर द्राक्षांच्या पॅकहाउससाठी, म्हणजे माल तोलून पेट्यांत भरणाऱ्या केंद्रांसाठी आहे. गेल्या हंगामात, निर्यातीची घाई ऐन भरात असताना आम्ही रिलीज केले आणि वजनकाट्याची पावती अर्धवट छापली जाऊ लागली. ओळीची रुंदी ठरवणारा नवा कोड मराठी मजकुरावर कोणी चालवूनच पाहिला नव्हता. ‘द्राक्षे’ हा शब्द कागदावर दोन अक्षरांची जागा घेतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरे ज्या संकेतांनी साठवतो त्यात, त्याचे आठ संकेतांक होतात. ते मोजून प्रोग्रॅम ओळ भरली असे समजत होता आणि उजवीकडचा रकाना कापत होता. त्या रकान्यात निव्वळ वजन असते. पिंपळगावच्या एका पॅकहाउसबाहेर माल भरलेल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि काट्यावरचा मुलगा पावतीच्या पाठीमागे बॉलपेनने वजन लिहून देत होता.

त्यानंतरच्या रेट्रोत पहिला आलेला मुद्दा होता ‘सकाळची स्टँडअप (रोजची छोटी आढावा बैठक) साडेनऊऐवजी दहाला घ्यावी’. पावतीला मोजून दोन मते मिळाली, कारण ती चूक तोवर दुरुस्त झाली होती आणि ज्यांनी फोन घेतले त्यांना बैठकीला बोलावलेलेच नव्हते.

माझे म्हणणे असे की आधी नुकसान कोणाचे झाले, तेच पुन्हा होण्याची शक्यता किती आणि ते टाळणे आपल्या टीमच्या हातात आहे का, हे प्रत्येक मुद्द्यापुढे लिहावे. मग एकच मुद्दा निवडावा, त्याला एका माणसाचे नाव लावावे आणि तो नेहमीच्या कामाच्या यादीत टाकावा. तीन प्राधान्ये म्हणजे कशालाच प्राधान्य नसणे.

कॉलेजरोड:
आपण पावतीचा किस्सा रंगवून सांगितलात, पण नुकसानाचा हिशेब करणार कोण, हे सांगितले नाही. आमच्याकडे मतदान सुरू होण्यापूर्वी तो हिशेब सॉफ्टवेअरची रचना ठरवणारे आमचे आर्किटेक्ट साहेब करत असत आणि विलक्षण योगायोगाने दर वेळी सर्वांत मोठे नुकसान त्यांना हव्या असलेल्या डेटाबेस बदलाअभावीच झालेले निघत असे. नुकतीच रुजू झालेली मुलगी त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही; चिठ्ठीवर मताचा ठिपका मात्र लावते. दहाच्या स्टँडअपची थट्टा करणे सोपे आहे, पण आमच्यातले दोघे सिन्नरहून येतात आणि ती वेळ बदलल्यापासून बैठकीत सगळे हजर असतात. जी सुधारणा लोकांना स्वतःची वाटते तीच तडीस जाते, असा माझा अनुभव आहे.

पुणेरिटर्न:
दोघेही मूळ रोग सोडून बोलत आहात. मी पुण्यात तीन कंपन्यांत काम करून नाशिकला परतलो आहे आणि प्रत्येक ठिकाणच्या रेट्रोत ‘टेस्ट ऑटोमेशन वाढवावे’, म्हणजे चाचण्या प्रोग्रॅमकडूनच आपोआप करून घ्याव्यात, हा मुद्दा दुसरा आलेला पाहिला आहे. दुसरा येतो, टाळ्या मिळतात आणि पुढच्या रेट्रोत पुन्हा दुसरा येतो. पावती कापली गेली ती मराठी मजकुराची एक स्वयंचलित चाचणी नव्हती म्हणून. हाताने तपासणाऱ्यांवर विसंबून रिलीज करायचे दिवस गेले, हे आता कोणीतरी स्पष्ट बोलायला हवे.

तर्रीबाज:
मी हाताने तपासणाऱ्यांपैकी एक आहे, त्यामुळे माझे दिवस गेले की काय ते मीच सांगतो. ज्या रिलीजची इथे चर्चा चालली आहे तशाच एका रिलीजला आमच्या टीममध्ये चाचण्यांचे सगळे दिवे हिरवे होते. स्क्रीनवर पावती सुंदर दिसत होती, पीडीएफही नीट होती. चूक छपाईयंत्राच्या कागदावर होती आणि ती दिसण्यासाठी यंत्रात रोल घालून पावती फाडून हातात घ्यावी लागते. ते यंत्र आम्ही दोन वर्षे मागत होतो. ‘ग्राहकाकडे आहे ना’ असे उत्तर मिळाले. आता पुण्याहून परतलेले साहेब ऑटोमेशनचे प्रवचन देतात आणि दोष आमच्या माथी मारतात.

पुणेरिटर्न:
दोष कोणाच्या माथी मारलेला नाही. पण दर रिलीजला तेच पन्नास स्क्रीन माणसाकडून तपासून घेणे हा माणसाचाही अपमान आहे. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीत नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर टाकायचा राहिला, तिथला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. हाताने केलेल्या कामाचा तो परिणाम होता.

तर्रीबाज:
तेच उदाहरण पूर्ण सांगा. नंतरच्या चौकशीत अमेरिकेच्या नियामकाने नोंदवले की एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे, असा लेखी नियमच तिथे नव्हता. म्हणजे जे आधी करायला हवे होते ते एका कागदाचे आणि दुसऱ्या माणसाच्या काही मिनिटांचे काम होते. तुम्ही मात्र सहा महिन्यांचा ऑटोमेशन प्रकल्प मागणार, तो मंजूर होणार नाही आणि कागदही लिहिला जाणार नाही. आमच्याकडे नेमके हेच झाले: ऑटोमेशनसाठी फ्रेमवर्क (तयार साधनसंच) कोणते घ्यावे यावर एक पूर्ण तिमाही गेली, आणि छपाईयंत्र शेवटी आमच्याच एका सहकाऱ्याने घरच्या दुकानातून आणले.

पुणेरिटर्न:
ठीक आहे, कागद आधी, हे मान्य करतो. मात्र तो कागद वर्षभरात तीनशे ओळींचा होतो आणि मग कोणीही न वाचता खुणा करतो, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा माझ्याकडे या.

निफाडकर:
मी सपोर्टला आहे, आणि वर ज्यांना बोलावले नव्हते असे म्हटले त्यांच्यापैकी आहे. यंत्र हवे की ऑटोमेशन, यावर आपण इतके लिहिलेत, पण रिलीज जानेवारी ते एप्रिल या काळात करूच नये, हा मुद्दा कोणाच्याही बोर्डावर नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदाराला तोडणीची तारीख साधारण कळते. आपल्याला रिलीजची तारीख ठरवताना ती का कळू नये? उत्तर मला ठाऊक आहे: तारीख मुख्यालयात ठरते आणि मुख्यालयात द्राक्षे फक्त फळवाल्याकडे दिसतात. काट्यावरच्या माणसाच्या शिव्या मात्र मराठीतून, थेट माझ्या कानात येतात.

कॉलेजरोड:
ताई, आपला मुद्दा योग्य आहे, पण ‘गोदाकाठ’ यांच्याच कसोटीवर तो बाद होतो, कारण तारीख टीमच्या हातात नाही. कसोटीचे सौंदर्य पाहा.

गोदाकाठ:
टोमणा पोहोचला. तारीख हातात नाही, पण हंगामात रिलीज करायचेच असेल तर ते आधी एकाच पॅकहाउसला देऊन दोन दिवस थांबणे हातात आहे, आणि आमच्या टीमसाठी मी तोच एक मुद्दा निवडीन. स्क्रम या कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेत, म्हणजे स्क्रम गाईडच्या २०१७ च्या आवृत्तीत, रेट्रोतली किमान एक महत्त्वाची सुधारणा पुढच्या स्प्रिंटच्या (ठरावीक मुदतीच्या टप्प्याच्या) कामात घ्यावी असे बंधन होते; २०२० मध्ये ते सैल झाले आणि अनेक टीमनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला ते बंधन परत हवे आहे.

आर्किटेक्ट साहेबांचा धोका मात्र खरा आहे, तेवढ्यापुरते आपल्याशी सहमत होणे भाग आहे. हिशेब एका माणसाने करू नये. सपोर्टने फोन किती आले ते लिहावे, टेस्टरने काय तपासता आले नाही ते लिहावे, आणि त्यानंतर हवे तर आपले ठिपके लावा.

कॉलेजरोड:
म्हणजे मतदान राहिले.

गोदाकाठ:
राहिले, पण सर्वांत शेवटी, गुप्त आणि प्रत्येकी एकच मत.

निफाडकर:
आणि ती बैठक रिलीजच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. त्या दिवशी मी फोनवर असते.