मदत हवी आहे: कॅलिफोर्नियातलं घर प्रोबेटमध्ये अडकू नये म्हणून लिव्हिंग ट्रस्ट

सोनचाफा
फ्रीमाँटला घर आहे. किंमत साधारण १५ लाख डॉलर, त्यावर ९ लाखांचं कर्ज. डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) नवरा-बायको दोघांची नावं, 'जॉइंट टेनंट्स' म्हणून, म्हणजे एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं. मुलं ११ आणि ७ वर्षांची. दोघांचे ४०१-के (नोकरीतली निवृत्ती खाती), एक ब्रोकरेज खातं (शेअर्सचं), दोन गाड्या, शिवाय पुण्यात फ्लॅट. दोघांची मृत्युपत्रं झालेली आहेत. तरी ट्रस्ट लागतोच का? ट्रस्टच्या कागदांवर सह्या झाल्या की काम झालं का? आणि पुण्याचा फ्लॅट त्याच ट्रस्टमध्ये घालता येईल का?

पाटीपेन्सिल
लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे हयातीतच ट्रस्ट करून मालमत्ता त्याच्या नावावर ठेवणं, आणि प्रोबेट म्हणजे मृत्यूनंतर मालमत्ता कोर्टामार्फत वारसांकडे जाण्याची प्रक्रिया. मृत्युपत्राने प्रोबेट टळत नाही. ते कोर्टापुढेच न्यावं लागतं. कॅलिफोर्नियात त्याची फी कायद्याने ठरलेली आहे: पहिल्या १ लाखावर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २ आणि मग १ कोटी डॉलरपर्यंत १ टक्का. फी घराच्या पूर्ण किमतीवर लागते, कर्ज वजा होत नाही. तुमच्या घराचा हिशेब: ४,००० + ३,००० + १६,००० + ५,००० = २८,००० डॉलर वकिलाचे, आणि तेवढेच एक्झिक्युटरलाही (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) घेता येतात. घरात तुमचे स्वतःचे ६ लाख, त्यातले ५६ हजार असे जाऊ शकतात. वर वर्ष-दीड वर्ष सहज मोडतं.

लहान मालमत्तेसाठीच्या सवलतीत तुम्ही बसत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा २,०८,८५० डॉलर आहे, आणि राहत्या घरासाठीचा सोपा अर्ज ७,५०,००० पर्यंतच चालतो. तिथेही कर्ज वजा करत नाहीत.

आता सह्यांचं. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. चामड्याच्या फाइलमधला ट्रस्ट सुंदर दिसतो, पण घर ट्रस्टच्या नावावर चढवलेलंच नसतं. मग वारसांना कोर्टात हेगस्टॅड अर्ज (घर ट्रस्टचंच धरा, असा) करावा लागतो, म्हणजे जे टाळायचं होतं तेच दारात.

घर चढवायचं तर नवीन डीड करून नोटरीसमोर सही करायची आणि काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवायचं. फ्रीमाँट अलामीडा काउंटीत येतं, म्हणजे ऑफिस ओकलंडला. सोबत पीसीओआर हा मालकी-बदलाची माहिती देणारा फॉर्म भरायचा, नाहीतर २० डॉलर जादा पडतात. जमिनीचं कायदेशीर वर्णन आणि पार्सल नंबर जुन्या डीडवरून अक्षरन् अक्षर उतरवा. नावंही जुन्या डीडवर आहेत तशीच हवीत. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, पूर्ण की नुसतं आद्याक्षर, हे पासपोर्टवर एक आणि डीडवर दुसरं असतं. जुळत नसेल तर 'या नावाने घर घेतलं होतं' असा उल्लेख नव्या डीडमध्येच करून टाका.

बँक कर्ज परत मागेल ही भीती नको. राहतं घर स्वतःच्या रिव्होकेबल (हवा तेव्हा बदलता, रद्द करता येणाऱ्या) ट्रस्टमध्ये ठेवायला १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याचं संरक्षण आहे. प्रॉपर्टी टॅक्सही नव्याने बसत नाही. घराच्या विमा कंपनीला मात्र ट्रस्टचं नाव कळवा. आणि रीफायनान्स केलंत तर नंतर डीड जरूर तपासा. कर्ज देणारे पुष्कळदा घर ट्रस्टमधून बाहेर काढायला लावतात आणि परत आत घालायचं राहून जातं.

कोकमसार
एक भर. जॉइंट टेनन्सीत पहिला गेल्यावर प्रोबेट लागत नाही हे खरं, पण दुसरा गेल्यावर, किंवा दोघं एकाच अपघातात गेले तर, लागतंच. शिवाय कॅपिटल गेन्स टॅक्ससाठी धरायची खरेदी-किंमत फक्त गेलेल्याच्या निम्म्या हिश्शाची मृत्यूच्या वेळच्या बाजारभावाला येते. घर कम्युनिटी प्रॉपर्टी (नवरा-बायकोची समाईक मालमत्ता) असेल तर दोन्ही हिश्शांची येते. जुनं घर विकताना हा फरक फार मोठा पडतो. ट्रस्टमध्ये घर कम्युनिटी प्रॉपर्टी आहे असं स्पष्ट लिहून घ्या.

सोनचाफा
दोघांनाही धन्यवाद. ४०१-केसुद्धा ट्रस्टच्या नावावर करायचं का? सध्या पहिला बेनिफिशियरी (आमच्यामागे रक्कम मिळणारा) जोडीदार, दुसरी मुलं.

पाटीपेन्सिल
नाही, मुळीच नाही. नाव बदललं की सगळी रक्कम काढल्यासारखी धरतात आणि टॅक्स लागतो. बदलायचा तो फक्त बेनिफिशियरी. जोडीदार पहिला तसाच राहू दे, दुसऱ्या जागी मुलांऐवजी ट्रस्ट. अल्पवयीन मुलाचं नाव थेट असेल तर पैसे सांभाळायला कोर्ट गार्डियन नेमतं, आणि अठरा पुरी झाली की सगळी रक्कम त्याच्या हाती. ट्रस्टमध्ये वय तुम्ही ठरवता. निवृत्ती खात्यांसाठीची कलमं त्यात आहेत ना, हे वकिलाला विचारून घ्या.

ब्रोकरेज खातं ट्रस्टच्या नावावर करा. गाड्यांसाठी धडपड नको, मृत्यूनंतर ४० दिवसांनी डीएमव्हीच्या (वाहन नोंदणी खात्याच्या) रेग-५ फॉर्मवर नाव बदलतं. मृत्युपत्र नव्याने करा, पोअर-ओव्हर पद्धतीचं: बाहेर राहिलेलं ट्रस्टमध्ये जावं म्हणून. मुलांचा पालक कोण हेही त्यातच लिहा.

दगडफूल
पुण्याचा फ्लॅट अमेरिकन ट्रस्टमध्ये घालू नका. त्यासाठी फक्त भारतातल्या मालमत्तेपुरतं वेगळं मृत्युपत्र करा. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी ऐच्छिक. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीला नकोत. पुण्याच्या फ्लॅटला प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. ती मुंबईला होती, आणि २०२५ च्या डिसेंबरात भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढल्यावर तिथलीही गेली. सोसायटीत नॉमिनेशन भरलेलं असलं तरी नॉमिनी मालक होत नाही, तो तात्पुरता सभासद.

आणि हे नक्की बघा: अमेरिकन मृत्युपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात 'याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द' असं छापील वाक्य असतं. त्याने पुण्याचं मृत्युपत्रही रद्द होतं. 'भारतातील मालमत्तेचं मृत्युपत्र वगळून' एवढे शब्द सहीच्या आधी घालून घ्या, आणि पुण्याच्या मृत्युपत्रातही तसंच उलट बाजूने लिहा.