लागून असलेल्या छोट्या शहरांचे नियोजन: विलीनीकरण की संयुक्त मंडळ?

प्रश्न
आमचे शहर लहान आहे आणि त्याला खेटून असलेल्या दोन वस्त्यांचा कारभार वेगवेगळ्या स्थानिक संस्था पाहतात. रस्ता, ओढा आणि बाजार तिघांचा एकच, आराखडे मात्र तीन. हद्दीवर वरच्या बाजूने आलेला दोन फुटी नाल्याचा पाइप पलीकडे दीड फुटी पाइपला जोडला आहे आणि जोराचा पाऊस झाला की नेमके त्याच चेंबरचे झाकण उचलले जाते. कागदोपत्री दोन्ही कामे मंजूर आराखड्यानुसारच झालेली आहेत. अशा वेळी विलीनीकरण करावे, की संयुक्त मंडळाने भागेल?

प्रतिसाद १
वस्ती सलग झाली असेल तर विलीनीकरणच करावे, असे माझे मत आहे. डेन्मार्कने २००७ मध्ये २७१ नगरपालिकांच्या ९८ केल्या. जपानमध्ये १९९९ साली तीन हजारांहून अधिक असलेल्या स्थानिक संस्था २०१० पर्यंत सुमारे १,७०० वर आल्या. छोट्या संस्थेला पूर्णवेळ नगररचनाकार किंवा अनुभवी अभियंता नेमणे परवडत नाही, मोठीला परवडते. मात्र कडेच्या वस्तीचे लोकप्रतिनिधी कमी होतात आणि साध्या दाखल्यासाठीही लांब जावे लागते, हे नुकसान खरे आहे.

प्रतिसाद २
फ्रान्सने दुसरी वाट धरली. तेथील सुमारे ३५,००० कम्यून, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवरच्या स्थानिक संस्था, बहुतांशी कायम राहिले. पाणी, कचरा, वाहतूक आणि अनेक ठिकाणी जमीनवापराचा आराखडाही अनेक कम्यूननी मिळून केलेल्या समूहसंस्थांकडे गेला. महत्त्वाचे म्हणजे या संस्था स्वतः कर लावू शकतात. ज्या मंडळाला निधीसाठी प्रत्येक सदस्य संस्थेच्या दारात उभे राहावे लागते, त्याचे ठराव इतिवृत्तातच राहतात.

प्रतिसाद ३
मूळ दुखणे महसुलाचे आहे. कारखाना ज्याच्या हद्दीत, कर त्याचा. धूर आणि अवजड वाहतूक शेजाऱ्याच्या वाट्याला. त्यामुळे प्रत्येक संस्था उद्योगासाठी जमीन राखून ठेवते आणि घरांसाठी जागा द्यायला कोणी राजी नसते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७१ च्या कायद्याने मिनियापोलिस आणि सेंट पॉल यांच्या परिसरातील सात काउंटींसाठी (जिल्ह्यासारखे विभाग) यावर उपाय केला: व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात त्या वर्षानंतर झालेल्या वाढीचा ४० टक्के हिस्सा सामायिक होतो आणि लोकसंख्या व मालमत्तेचे दरडोई मूल्य पाहून वाटला जातो. ज्या संस्थेच्या हद्दीतील मालमत्ता कमी मूल्याची, तिला तुलनेने अधिक मिळते. आधीच्या उत्पन्नाला हात न लावता केवळ वाढ वाटून घ्यायची असल्याने अशा तडजोडीला संस्था तयार होण्याची शक्यता मला अधिक वाटते. हा प्रश्न बाजूला ठेवून केलेला प्रादेशिक आराखडा रंगीत नकाशापुरताच उरतो.

प्रश्नकर्ता
महसुलाचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. आमच्याकडे नवी औद्योगिक वसाहत वरच्या बाजूला होणार आहे आणि तिचे पाणी त्याच दीड फुटी पाइपमधून जाणार आहे. तिच्या मंजुरीपूर्वीच करवाटप आणि पाइपचा खर्च एकाच ठरावात मांडावा, असा लेखी प्रस्ताव मी तिन्ही संस्थांना देतो.