मदत हवी आहे : निलंबित लायसन्स परत मिळवण्याबाबत

माझा धाकटा भाऊ देवगडहून वाशीच्या बाजारात हापूसच्या पेट्या पोहोचवणारा पिकअप टेम्पो चालवतो. मुंबई-गोवा महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याच्या कारणावरून शेजारच्या जिल्ह्यात त्याचे लायसन्स जमा करण्यात आले आणि आता ते तीन महिन्यांसाठी निलंबित केल्याचा आदेश टपालाने आला आहे. ऐन हंगामात आमचे घर याच गाडीवर चालते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा आदेश काढण्यापूर्वी परवानाधारकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत त्यावर अपील करता येते, असे मी वाचले आहे. भावाला मात्र सुनावणीची नोटीस मिळालीच नाही. हातात आहे ती फक्त जप्तीची पावती, तिच्यावरचा शिक्काही पुसट झालेला. या मुद्द्यावर अपील टिकेल का, आणि ते कोणाकडे व कोणत्या कागदपत्रांसह दाखल करावे?

दुसरे असे की, मुदत संपल्यावरही उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही. हे प्रशिक्षण सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीत कोणत्या मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये होते, आणि निलंबनाच्या काळातच ते उरकून घेता येते का?

तोवर त्याने गाडीला हात लावू नये, असे मी बजावले आहे, कारण अपात्र असताना वाहन चालवल्यास दहा हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. स्वतः या प्रक्रियेतून गेलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.