कोणाचं वागणं तुमच्या लक्षात राहिलंय?

कपाट आवरताना पहिल्या नोकरीचं ओळखपत्र सापडलं आणि तिथले साहेब आठवले. चूक झाली की सडकून झापायचे, पण केबिनचं दार लावून. कौतुक मात्र सगळ्यांदेखत. त्यांनी शिकवलेलं काम आता कोणी करतही नाही, ते दार लावणं तेवढं डोक्यात राहिलंय. तुमच्याकडेही असं कोणी असेलच. वाईट अनुभवही चालतील, फक्त नावं नकोत.

---

आमच्याकडे उलटं. झापायचं असलं की मुद्दाम दार उघडं.

---

वाईट चालेल म्हणालात म्हणून. माझी एक आत्या. आलेल्याच्या आधी चपला बघायची, मग ठरवायची आत बसवायचं की दारातूनच बोळवायचं. आता थकलीये, भेटायला कोणी फिरकत नाही म्हणून कुरकुरते. मी आपली "हो ना आत्या" म्हणते. काय बोलणार?

---

बाबा अ‍ॅडमिट असताना रात्रपाळीला एक सिस्टर होती. बाबा शुद्धीत नव्हते, तरी दरवेळी "आजोबा, कुशीवर वळवते हं" असं सांगूनच हात लावायची. मोठ्या डॉक्टरांसाठी ते शेवटपर्यंत बेड नंबर होते. तिचा चेहरा आता नीट आठवत नाही, आवाज कुठेही ओळखेन. बाकीचं नंतर लिहिते, मशीनमधले कपडे तसेच पडलेत.

---

@सिस्टर, आईच्या वेळी अगदी असंच... जाऊ दे.

---

शेवट कसा होतो त्यावर बरंच असतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रयोग आहे. एकदा हात १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० आणि वर आणखी ३०, फक्त त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलेलं. पुन्हा कुठलं करणार विचारलं तर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं! माझी आधीची कंपनी तशी बरी होती, पण राजीनामा दिल्यावर मॅनेजर ओळख दाखवेना. आता तिथलं तेवढंच आठवतं.

---

असहमत. पहिला ठसाच पक्का. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश, १९४६. त्यांच्या प्रयोगात एका माणसाचं वर्णन करणारी यादी होती. विशेषणं तीच, क्रम उलटा. 'हुशार'पासून यादी सुरू केली तर लोकांना माणूस बरा वाटला, 'मत्सरी'पासून केली तर तितकासा नाही. आमच्या सासूबाईंनी माझी यादी शेवटूनच वाचायला घेतली :)

---

यादी पुरवली कोणी? नवऱ्याने?

---

नणंदेने!!

---

सासू आली, नणंद आली. धाग्याची शंभरी नक्की.

---

अवांतर: तो 'अ‍ॅ' मोबाईलवर कसा काढता? माझा नुसता 'ऍ' उमटतो.

---

शाळेत फी थकली की एक बाई वर्गात उभं करायच्या. दुसऱ्या बाई मात्र तपासलेल्या वहीत चिठ्ठी घालून वही परत द्यायच्या, शेजारच्यालाही पत्ता लागायचा नाही. अलीकडे त्या भेटल्या तेव्हा हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी करायचे असं? मला नाही आठवत गं."

---

हे भारी आहे. आणि उभं करणाऱ्या बाईंना आठवत असेल का?

---

कपडेवाल्या ताई, पुढचं लिहा की. वाट बघतोय.

---

कपडे झाले, आता मुलाला फोन हवाय. रात्री येते.