ओ-३२०: तीन नंबरचं कॉम्प्रेशन पडलंय. सिलिंडर नवा घ्यावा की ओव्हरहॉल केलेला?

हँगर_बारा
सेसना १७२पी, इंजिन लायकॉमिंग ओ-३२०-डी२जे, ओव्हरहॉलनंतर १३५० तास. १०० तासांच्या तपासणीत गरम इंजिनावर कॉम्प्रेशन मोजलं (सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा सोडून आत किती दाब टिकतो ते), तर चार सिलिंडरांना ८० पैकी ७४, ७२, ५२, ७३ मिळाले. तीन नंबरची हवा एक्झॉस्टमधून फुसफुसतेय. बॅरल (सिलिंडरच्या नळ्या) नायट्राइडचे, म्हणजे आतून नायट्रोजनने कडक केलेले. नवा सिलिंडर घेऊ, एक्स्चेंजमधला (जुना देऊन बदल्यात मिळणारा) ओव्हरहॉल केलेला घेऊ, की आपलाच दुरुस्तीला पाठवू? चारही एकदम बदला असंही एकाने सुचवलंय.

चोकबोअर
ऑर्डरची घाई नको. ६० च्या खाली आलं की लायकॉमिंग सिलिंडर काढायचा विचार करा म्हणतं, पण सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर) कार्बनचा कण अडकला तरी ५२ येतात. आधी बोअरस्कोप (प्लगच्या भोकातून आत बघायचा बारीक कॅमेरा) घाला. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचे रंग मधोमध गोल बसलेले दिसतात. एकाच कडेला वेगळा पट्टा असेल तर ती कड जळतेय. मग पुढे उडवू नका. रंग गोल असतील तर तासभर उडवून गरम असतानाच पुन्हा मोजा.

व्हॉल्व्ह जळायचं मूळ बहुतेकदा गाइडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत) असतं. गाइड झिजलं की व्हॉल्व्ह तिरका बसतो, फटीतून गॅस निसटतो आणि तेवढीच कड तापत जाते. त्यामुळे लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ३८८ ची वॉबल टेस्ट (गाइडमध्ये व्हॉल्व्ह किती डुलतो ते मोजायची) बाकी तिघांवरही करा.

निळा_पट्टा
काढावाच लागला तर आधी हेडचे (सिलिंडरच्या वरच्या भागाचे) एकूण तास शोधा. ओव्हरहॉलमध्ये गाइड, सीट, व्हॉल्व्ह, रिंगा नव्या येतात. ॲल्युमिनियमचं हेड तेच राहतं. दर उड्डाणाला तापून-निवून ते थकतं आणि स्पार्क प्लगचं भोक ते एक्झॉस्ट सीट या पट्ट्यात तडकतं. मागच्या ओव्हरहॉलला नवे सिलिंडर बसवले असतील तर तुमच्या हेडचे फक्त १३५० झालेत, आपलाच दुरुस्त करून घेणं सगळ्यात शहाणपणाचं. तेव्हा जुनेच वापरले असतील तर त्याआधीचे तास त्यात मिळवा. २००० असतील तर हे हेड ३३५० चं झालं. त्यावर पैसे घालू नका.

एक्स्चेंजमध्ये कुणाचं हेड पदरात पडेल ते कळत नाही. घ्यायचाच तर लेखी विचारा: हेडला वेल्डिंग झालंय का, बोअर (आतला व्यास) आणि चोकची (बॅरल वरच्या टोकाला किती निमुळता आहे) मापं किती, बॅरलवर कसला लेप आहे, रिंगा कुठल्या. नारिंगी रंगाची खूण म्हणजे क्रोम, निळी म्हणजे नायट्राइड. क्रोम बॅरलमध्ये क्रोमच्या रिंगा चालत नाहीत, त्या बसतच नाहीत आणि इंजिन तेल पीत राहतं. शिवाय जुना सिलिंडर परत पाठवायचा खर्च आपला, आणि त्यात तडा निघाला तर अनामत गेली.

चारही बदलायचं काहीच कारण दिसत नाही. ७४, ७२, ७३ वाल्यांना हात कशाला लावायचा? टीबीओला (दोन ओव्हरहॉलमधल्या ठरलेल्या २००० तासांना) ६५० तास उरलेत.

टॅपेट
एक गोष्ट राहिली. तीन नंबर उतरवलात की नवीन मागवायच्या आधी कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचे) लोब म्हणजे उंचवटे, आणि त्यांवर टेकणाऱ्या टॅपेटची तोंडं बघा. लायकॉमिंगचा कॅम क्रँकच्या वर असतो, विमान पावसाळाभर उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. टॅपेटवर खड्डे दिसले तर क्रँककेस उघडावीच लागेल आणि सिलिंडरचा हिशोब नव्याने मांडावा लागेल. सिलिंडर नसताना क्रँक फिरवायचा तर आधी स्टडवर टॉर्क प्लेट (सिलिंडरच्या जागी नटांनी आवळायची पट्टी) घट्ट करा, नाहीतर मेन बेअरिंगवरची पकड सुटते.

बसवताना बेस फ्लँजवर, नट बसतात तिथे रंगाचा थरही नको. रंग दबत जातो, टॉर्क उतरतो, स्टड तुटतात. १/२ इंची नट आधी ३०० आणि मग ६०० इंच-पाउंडला, ३/८ वाले ३०० ला. ड्राय टॅपेट क्लिअरन्स (टॅपेटमध्ये तेल नसताना व्हॉल्व्हजवळ राहणारी फट) ०.०२८ ते ०.०८० इंच, बाहेर गेला तर पुशरॉड (टॅपेटचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारी कांडी) बदला.

रिंगा बसेपर्यंत साधं मिनरल तेल. जमिनीवर कमीत कमी चालवा. उड्डाणात पहिला तास ७५ टक्के पॉवर, दुसऱ्यात ६५ आणि ७५ आलटूनपालटून. हळूहळू चालवलं तर बॅरलला तेलाची काच चढते आणि नवाकोरा सिलिंडर पुन्हा उतरवावा लागतो.

हँगर_बारा
बोअरस्कोप झाला. एका कडेला पांढुरका पट्टा स्पष्ट आहे. लॉगबुकात मागच्या ओव्हरहॉलला फक्त 'सिलिंडर दुरुस्त' एवढंच लिहिलंय, हेडचे आधीचे तास कुठेच नाहीत.

निळा_पट्टा
मग नवा. पण टॅपेट म्हणतात तसं, आधी कॅम बघून घ्या.